निकाल वाचण्याआधी हजेरीपट वाचा

‘जिल्हा परिषदेच्या शाळा बिघडल्या, म्हणून लोकांनी त्या सोडल्या, उरल्यासुरल्या आता बंद करून टाका.’ जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत हे म्हणणं आता कुणालाच वादाचं वाटत नाही. लग्नाच्या पंगतीत ते ऐकू येतं आणि अधिकाऱ्यांच्या आढावा बैठकीतही. पुरावा म्हणून निकाल पुढे केला जातो. तिसरीतल्या इतक्या मुलांना दुसरीचा धडा वाचता आला नाही, शिष्यवृत्तीच्या गुणवत्ता यादीत झेडपीचं नाव नाही, आणि शेजारच्या इंग्लिश मीडियममधलं पोर मात्र पाहुण्यांपुढे घडाघडा राइम म्हणून दाखवतं. एवढ्यावर खटला निकाली निघतो.

या निकालाविरुद्ध मला बोलायचं आहे. झेडपीच्या शाळांत सगळं आलबेल आहे असा माझा दावा नाही. शाळेचा निकाल हा आधी तिच्या हजेरीपटाचा निकाल असतो, एवढंच माझं म्हणणं आहे. त्या पटावर कोणाची मुलं आहेत, वर्षातले किती दिवस ती गावात असतात आणि त्यांना शिकवायला किती जण आहेत, हे न बघता काढलेली टक्केवारी गावाबद्दल पुष्कळ सांगते आणि शाळेबद्दल फार थोडं.

तर आधी पट पाहू. २०११च्या जनगणनेत धुळे जिल्ह्याची लोकसंख्या साडेवीस लाख होती आणि त्यात अनुसूचित जमातींचा वाटा सुमारे ३१.६ टक्के. जळगावची लोकसंख्या ४२ लाख ३० हजारांच्या घरात, त्यात आदिवासी सुमारे १४.३ टक्के. राज्याची साक्षरता ८२.३ टक्के असताना जळगावची ७८.२ आणि धुळ्याची ७२.८ टक्के भरली. ही झाली जिल्ह्यांची सरासरी; गावोगावचा पट तिच्यात दिसत नाही. शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांच्या उत्तर अंगाला, सातपुड्याच्या पाड्यांवर पावरा, बारेला, तडवी आणि भिल्ल कुटुंबं राहतात. साक्रीच्या पश्चिमेला कोकणी आणि मावची आहेत, चाळीसगाव-जामनेरकडे बंजाऱ्यांचे तांडे आहेत. धुळे, भुसावळ, रावेरकडे उर्दू शाळांचा पट वेगळाच.

या मुलांच्या घरच्या भाषा पाहा. मैदानी गावांत बहुतेकांच्या घरी अहिराणी, रावेर-यावलच्या पट्ट्यात लेवा गणबोली, पाड्यावर पावरी, तांड्यावर गोरमाटी. पहिलीच्या पुस्तकातली मराठी यांतल्या पुष्कळांना शाळेतच पहिल्यांदा भेटते. अहिराणी बोलणाऱ्या मुलाला ती निदान ओळखीची वाटते, पावरी बोलणाऱ्याला ती जवळजवळ परकी असते. पुण्यातलं मूल पहिलीत अक्षरं शिकतं. पाड्यावरचं मूल त्याच वर्षात अक्षरंही शिकतं आणि भाषाही. चाचणी मात्र दोघांची एकच, आणि त्याच तारखेला.

आता दिवस मोजू. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवून दिलं आहे. खानदेशात कापसाची वेचणी सुरू झाली, की मोठी बहीण धाकट्याला सांभाळायला घरी थांबते. दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबं ऊसतोडीला निघतात. काही पश्चिम महाराष्ट्राच्या कारखान्यांवर जातात, काही बारडोली-सुरतकडे. हा प्रवास नवा नाही. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञानं १९७०च्या दशकात बारडोलीच्या ऊसतोडीवर लिहिलं, तेव्हाही तिथे राबणाऱ्यांत खानदेशातून आलेली माणसं मोठ्या संख्येनं होती. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे ‘कोयता’ म्हणतात, आणि कोयत्याबरोबर मूलही जातं. ते परत येतं तेव्हा गावात वार्षिक परीक्षेची गडबड चाललेली असते. कायद्यानं दिलेल्या दोनशे दिवसांतले जेमतेम निम्मे त्याच्या वाट्याला येतात. निम्मं वर्ष शिकलेल्या मुलाला पूर्ण वर्षाच्या मापानं मोजायचं, आणि कमी भरलं की दोष गुरुजींचा.

पटावर मुली किती आहेत, हेही पाहावं. २०११ साली जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८४२ मुली होत्या. जन्माआधीच मुलगा-मुलगी असा हिशेब करणारा समाज शाळा निवडताना तो विसरेल, असं कशाला मानायचं? घरात फी भरण्याची ऐपत एकाच मुलापुरती असली, की पिवळी बस बहुधा मुलासाठी दारात येते आणि त्याची बहीण चालत गावातल्या शाळेत जाते. देशभरच्या पाहण्यांतही खासगी शाळांत मुलग्यांचं पारडं जड दिसतं.

हे सगळं मान्य करूनही कुणी म्हणेल, ‘पण लोक मूर्ख आहेत का? चांगली शाळा सोडून पैसे भरायला जातील कशाला?’ या प्रश्नाला आधी साध्या अंकगणितानं उत्तर देतो. समजा, एका वर्गात दहा मुलं आहेत. सहा जण अस्खलित वाचतात, चार अडखळतात. निकाल साठ टक्के. पुढच्या जूनमध्ये वाचणाऱ्या सहांपैकी तिघांना त्यांच्या पालकांनी तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घातलं. उरली सात मुलं, त्यांतली तीन वाचणारी. निकाल त्रेचाळीस टक्क्यांवर आला. यात एकाही मुलाचं वाचन बिघडलेलं नाही, एकाही शिक्षकानं काम कमी केलेलं नाही, तरी आढावा बैठकीत ही शाळा ‘घसरलेली’ ठरते. तिकडे इंग्रजी शाळेनं काहीही न शिकवता तीन वाचणारी मुलं मिळवली आणि तिचा निकाल वर गेला. हे पाहून आणखी दोन पालक गावची शाळा सोडतात. जे मूळ कारण आहे, तेच परिणाम म्हणून दाखवलं जातं, आणि दरवर्षी हा भ्रम जास्त पक्का होतो.

रावेरच्या बागायतीतली केळी आणि शिंदखेड्याच्या कोरडवाहू रानातला कापूस एकाच काट्यावर तोलून कोणता शेतकरी कष्टाळू ते ठरवलं, तर खानदेशातला कुठलाही माणूस हसेल. जमीन पाहा, पाणी पाहा, मग उत्पन्नाचं बोला, असं तो म्हणेल. शाळेच्या बाबतीत तोच माणूस जमीन-पाणी विसरतो.

मग फी भरणारी शाळा खरंच जास्त शिकवते का? हे तपासण्याचा एकच प्रामाणिक मार्ग आहे. सारख्याच घरांतली मुलं घ्यायची आणि चिठ्ठ्या टाकून काहींना खासगी शाळेत पाठवायचं. आंध्र प्रदेशात २००८पासून चार वर्षं नेमकं हेच केलं गेलं, तब्बल १८० गावांत. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अर्थतज्ज्ञांनी त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. चिठ्ठीत नाव निघून खासगी शाळेत गेलेली मुलं आणि सरकारी शाळेत राहिलेली मुलं यांच्यात तेलुगू आणि गणितात फरक आढळला नाही. हिंदीत खासगीतली मुलं पुढे होती, कारण सरकारी प्राथमिक शाळांत हिंदी फारशी शिकवलीच जात नव्हती. खासगी आणि सरकारी मुलांच्या सरळ तुलनेत जो मोठा फरक दिसत होता, तो पट सारखा करताच भाषा-गणितातून विरून गेला.

याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष लपवणं अप्रामाणिकपणाचं होईल. तिथल्या खासगी शाळांचा दर मुलामागचा खर्च सरकारी शाळेच्या एक तृतीयांशाहून कमी होता. ‘मग स्वस्तातली शाळाच बरी की,’ असं म्हणणारे यावर बोट ठेवतील. पण ही स्वस्ताई येते कुठून? गावातल्याच डीएड-बीएड झालेल्या बेकार मुलीला किमान वेतनाहूनही कमी पगारावर राबवण्यातून ती येते, हे खानदेशातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी दिसतं. शिवाय सातपुड्याच्या पाड्यावर स्वस्तातलीही खासगी शाळा कुणी काढत नाही. जिथे फी देणारं कुणी नाही, तिथे जिल्हा परिषदच असते.

खासगी शाळांना आपला पट वेगळा राखायचा असतो, हेही आपण पाहिलं आहे. शिक्षण हक्क कायद्यानं त्यांच्यावर दुर्बल घटकांसाठी २५ टक्के जागा ठेवण्याचं बंधन घातलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असली तर विनाअनुदानित शाळेला या बंधनातून सूट दिली. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयानंही त्यात हस्तक्षेप केला नाही. गरिबाचं मूल वर्गात आलं तर निकाल कसा राखायचा, याची ज्यांना धास्ती वाटते, त्यांनी झेडपीच्या निकालावर बोट ठेवू नये. झेडपीची शाळा येईल त्याला घेते. प्रवेशासाठी मुलाखत नाही, आई-बापाच्या शिक्षणाची चौकशी नाही, वर्षाच्या मधेच ऊसतोडीवरून परतलेल्याला नकार नाही.

आता शिकवणाऱ्यांकडे येऊ. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, असं कायद्याचं प्रमाण आहे. म्हणजे खानदेशातल्या असंख्य द्विशिक्षकी शाळांत चार इयत्तांना दोन माणसं. दोघांपैकी एक केंद्रावर बैठकीला गेला, मतदार याद्यांच्या कामाला लागला किंवा ऑनलाइन माहिती भरायला बसला, की चारही वर्ग दुसऱ्यावर. निवडणूक, जनगणना आणि आपत्ती या कामांना कायद्यातच मुभा दिलेली. बाकीची कागदपत्रं वेगळी. त्यात मे २०१२ पासून राज्यातली शिक्षकभरती वर्षानुवर्षं अडून राहिली. शाळेची मंजूर शिक्षकपदं ठरवणाऱ्या संचमान्यतेच्या मार्च २०२४च्या निर्णयानं कमी पटाच्या वर्गांवरची नियमित पदंच धोक्यात आणली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये छोट्या शाळांवर निवृत्त किंवा कंत्राटी शिक्षक नेमण्याचा निर्णय आला. पुढे त्यात बदल झाले. पट घटला म्हणून शिक्षक कमी, शिक्षक कमी म्हणून पालक नाराज, पालक नाराज म्हणून पट आणखी खाली. आधी शाळेचे हात काढून घ्यायचे आणि मग तिच्याच्यानं काही उचलत नाही म्हणून तिला नाकर्ती ठरवायचं, असा हा व्यवहार आहे.

इथवर वाचून शाळेच्या बाजूचे काही जण मान डोलावतील. त्यांच्याशीही माझं भांडण आहे. ‘आमच्याकडे पोरंच तशी येतात. आई-बाप अडाणी, घरी अभ्यास नाही, आम्ही काय करणार?’ हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत फार सहज बोललं जातं. पट समजून घ्यायचा तो मुलाला कुठून हात द्यायचा हे ठरवण्यासाठी. त्याची ढाल करून जळगाव किंवा धुळ्याहून अप-डाऊन करत साडेदहाला पोचायचं आणि चारच्या गाडीकडे डोळे लावायचे, हे त्या मुलांशी केलेलं वैर आहे. असे शिक्षक आहेत, गाव त्यांना ओळखतं, आणि त्यांना पाठीशी घालणाऱ्या संघटना प्रामाणिक शिक्षकांचंच नुकसान करतात.

अडाणी आईचं मूल मठ्ठ असतं, हे निदान या मातीत तरी कुणी म्हणू नये. असोद्याला जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. आज उत्तर महाराष्ट्राच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. पाड्यावरची आई मुलाला गृहपाठ करून देऊ शकत नाही, एवढाच तिच्या निरक्षरपणाचा अर्थ. म्हणून ते काम शाळेत, शाळेच्या वेळेत व्हायला हवं.

आणि ते होतं, याचा पुरावा आहे. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीनुसार ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांत तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येतो, त्यांचं प्रमाण २०१८ मध्ये २०.९ टक्के होतं. करोनाच्या टाळेबंदीनंतर, २०२२ मध्ये ते १६.३वर घसरलं आणि २०२४ मध्ये २३.४वर गेलं. हे आकडे अभिमानानं मिरवण्यासारखे नाहीत. चारांतलं जेमतेम एक मूल वाचतं, हे दुखणं आहेच. पण त्यांच्याशेजारी दुसरे आकडे ठेवा. सहा ते चौदा वयाच्या ग्रामीण मुलांपैकी सरकारी शाळेतली मुलं २०१८ मध्ये ६५.६ टक्के, २०२२ मध्ये ७२.९ आणि २०२४ मध्ये ६६.८ टक्के. करोनात ज्यांचे खिसे रिकामे झाले त्यांना सरकारी शाळेनं सामावून घेतलं, आणि हातात पैसा येताच यांतले बरेच पुन्हा निघून गेले. म्हणजे त्या दोन वर्षांत बऱ्या घरची मुलं सरकारी शाळेतून बाहेर पडत होती, तरी तिथलं वाचन २०१८च्याही पुढे गेलं. आई-बापांची जमीन वाढली नव्हती, जात बदलली नव्हती, घरची बोली बदलली नव्हती. पायाभूत वाचनावर देशभर जोर दिला गेला होता. पटावर सगळा दोष टाकणाऱ्यांना एवढं उत्तर पुरे.

अमेरिकेतल्या जेम्स कोलमन यांचा १९६६चा अहवाल या वादात नेहमी ओढला जातो. सहा लाखांवर विद्यार्थ्यांची पाहणी करून त्यांनी सांगितलं, की मुलाच्या यशात शाळेच्या साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीचा वाटा मोठा असतो. ‘बघा, शाळेनं काही होत नाही,’ एवढंच लोकांनी उचललं. त्याच अहवालात हेही होतं, की वंचित समूहांतल्या मुलांवर शाळेच्या आणि शिक्षकाच्या दर्जाचा परिणाम सुस्थितीतल्या मुलांपेक्षा अधिक होतो. कॉलनीतल्या मुलाचा शिक्षक वाईट निघाला तर त्याला आई आहे, शिकवणी आहे, मोबाइल आहे. बोराडीच्या वरच्या पाड्यावरल्या मुलीला तिची शाळा सोडून दुसरं काहीही नाही. चांगल्या शिक्षकाची सर्वांत जास्त गरज जिथे आहे, तिथेच आपण रिकामी पदं ठेवतो.

आणि आता शाळाच उचलून न्यायचं चाललं आहे. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करण्याचा निर्णय झाला होता. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारण्याचे प्रस्ताव मागवले गेले. राज्यात अशा १४,७८३ शाळा होत्या आणि त्यांत १ लाख ८५ हजारांवर मुलं शिकत होती. नमुना म्हणून शेजारच्या नंदुरबारातल्या तोरणमाळचं उदाहरण दिलं गेलं. मोठ्या शाळेत प्रयोगशाळा असेल, खेळाचं मैदान असेल, दर वर्गाला शिक्षक असेल, हे खरं आहे. पण एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा देण्याचं वचन याच राज्यानं नियमात लिहिलं आहे. श्रावणात नाला भरला की पाड्यावरून खाली यायला वाट नसते, आणि गाडीची वाट पाहत उभ्या राहिलेल्या दहा वर्षांच्या मुलीला बाप दुसऱ्या आठवड्यात घरीच ठेवतो. ती गळाली की समूह शाळेचा निकाल सुधारलेलाच दिसेल, कारण जी मुलं तो खाली ओढत होती ती पटावरच नसतील. निकाल सुधारण्याचा याहून निर्दय मार्ग नाही.

‘गावालाच पर्वा नाही,’ असं सांगणाऱ्यांनी धुळे जिल्ह्याची आठवण ठेवावी. काही वर्षांपूर्वी या जिल्ह्यातल्या अकराशेवर झेडपी शाळा डिजिटल झाल्या, त्या मुख्यतः लोकवर्गणीतून. पडदा आणि प्रोजेक्टरनं मूल वाचायला शिकतं, असं मला वाटत नाही. पण पावसावर शेती असलेल्या गावांनी आपल्या शाळेसाठी खिशात हात घातला, एवढं त्यातून सिद्ध होतं. लोकांनी शाळा टाकलेली नाही.

म्हणून माझ्या मागण्या सरळ आहेत. कुठल्याही शाळेची टक्केवारी जाहीर करायची असेल तर तिच्याबरोबर चार गोष्टी जाहीर करा: मुलांच्या घरची भाषा, आईचं शिक्षण, वर्षात किती मुलं किती महिने स्थलांतरित होती, आणि मंजूर पदांपैकी किती भरलेली होती. यातली बरीचशी माहिती शिक्षक दरवर्षी भरूनच देतात. तुलना करायची तर शिरपूरच्या पाड्याची चोपड्याच्या पाड्याशी करा, जळगावच्या रिंग रोडशी नको. वर्षाच्या सुरुवातीला पायाभूत चाचणी होते आणि शेवटी संकलित मूल्यमापन होतं. त्याच मुलानं या दोन्हींच्या मधे किती मजल मारली, ते मोजा. गुरुजीचं काम तिथे दिसेल आणि कामचुकारपणाही तिथेच उघडा पडेल. स्थलांतरितांच्या मुलांना गावातच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहांची मंजुरी मुकादम गावात येण्याआधी, दसऱ्यापर्यंत द्या. पाड्यावरच्या पहिली-दुसरीला पावरी किंवा भिली समजणारा शिक्षक द्या. पहिल्या वर्षांत घरच्या भाषेतून शिकवावं, हे २०२० च्या राष्ट्रीय धोरणातही लिहिलं आहे. आणि ही मोजणी नीट होईपर्यंत पटाच्या आकड्यावरून एकही शाळा बंद करू नका.

महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे तक्रार मांडली होती, की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा पैसा वरच्या वर्गांकडे जातो. बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, असं त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. आज रयतेची मुलं शाळेत आली आहेत. ती कमी गुण मिळवतात म्हणून त्यांची शाळा नालायक ठरवणं, हे त्या मुलांना पुन्हा दाराबाहेर काढणंच आहे. खानदेशातल्या ज्या सरपंचाला, ज्या गटशिक्षणाधिकाऱ्याला, ज्या पालकाला हे पटत असेल, त्यानं पुढच्या बैठकीत निकालाचा कागद हाती आला की पहिला प्रश्न विचारावा: ‘या मुलांत गेल्या जूनपासून काय फरक पडला, आणि तो पडावा म्हणून आपण त्यांना काय दिलं?’